दरबार हॉलमधला पूरिया

(आकाशवाणीवरून दिलेल्या भाषणाचं संपादित रूप)

गाण्याचा विषय निघाला की आपल्याकडं एक शब्द हमखास येतो. राजाश्रय. राजे होते म्हणून गाणं टिकलं, संस्थानं गेली आणि गाण्याला उतरती कळा लागली, असं म्हणणारी मंडळी तुमच्याही ओळखीत असतील. माझ्या लहानपणी मिरजेत तर हे वाक्य चहाच्या टपरीवरही ऐकू यायचं. पण राजाश्रय म्हणजे नेमकं काय, आश्रय कोण कोणाला देत होतं, आणि ज्या भिंतींच्या आत हे सगळं घडलं तिथं गाणं ऐकू तरी कसं येतं, हे कुणी सांगत नसे. काही वर्षांपूर्वी हिवाळ्यात बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्यात संध्याकाळची एक मैफल ऐकण्याचा योग आला. त्या निमित्तानं जे पाहिलं, ऐकलं आणि नंतर वाचून पडताळलं, ते आज तुम्हाला सांगायचं आहे.

आधी वाड्याबद्दल थोडं. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचा, शेतकऱ्याच्या घरातला गोपाळ नावाचा मुलगा १८७५ साली बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला आणि सयाजीराव गायकवाड झाला. त्यांच्या काळात उभा राहिलेला हा वाडा १८९० साली पुरा झाला. आराखडा मेजर चार्ल्स मँट या इंग्रज वास्तुकाराचा. कोल्हापूरचा नवा राजवाडाही त्याचाच, त्यामुळं आमच्या भागातल्या माणसाला इथल्या कमानी आणि घुमट पाहून आपण कुठंतरी ओळखीच्या ठिकाणी आलो आहोत असं वाटतं. मँट १८८१ मध्येच वारला. पुढचं काम रॉबर्ट चिझम यानं तडीस नेलं. लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्याच्या चौपट आहे म्हणे हा वाडा. प्रत्येक वाटाड्या हे सांगतो. डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टीला परदेशी राजवाड्याचा दाखला कशाला हवा, ते मला कळलेलं नाही.

मैफल होती दरबार हॉलमध्ये. खाली व्हेनिसच्या पद्धतीची रंगीत खड्यांची जमीन, खिडक्यांना बेल्जियमच्या रंगीत काचा, वर कोरीव सज्जे. छत इतकं उंच की मान मागं टाकावी लागते. आत शिरल्यावर प्रत्येक जण नकळत हळू बोलू लागतो. हा अदबीचा भाग खरा, पण त्यात आवाजाच्या शास्त्राचाही भाग आहे. दगड, काच, गुळगुळीत फरशी असे कडक पृष्ठभाग आवाज गिळत नाहीत, परत फेकतात. आपण बोललेला शब्द चार बाजूंनी आपल्याकडंच येतो आणि आपण ओशाळतो.

गाणाऱ्याला हे फार जाणवतं. लांब, ठाय लयीतला स्वर अशा दालनात भरून येतो. गायक थांबला तरी स्वर क्षणभर रेंगाळतो. पण तीच जागा द्रुत तानेची वैरीण. एक स्वर विरायच्या आत दुसरा आला की दोन्ही एकमेकांत मिसळतात आणि दाणेदार तानेचा लगदा होतो. तबल्याचंही तसंच. पूर्वी यावर उपाय साधा होता. जाड गालिचे, गाद्यागिरद्या, पडदे आणि माणसं. कापड आणि माणूस हे दोन्ही आवाज शोषून घेतात, म्हणून रिकाम्या दालनात दुपारी लावून पाहिलेला आवाज भरल्या मैफलीत वेगळाच लागतो. शिवाय जुन्या बैठकीत ऐकणारा गवयापासून चार हातांवर असे. भिंतीवरून परतणाऱ्या आवाजाआधी गळ्यातला आवाजच त्याच्यापर्यंत पोचायचा. आपण मात्र खुर्च्या मांडतो, मागच्या रांगेसाठी ध्वनिवर्धक लावतो, आणि मग घुमतंय म्हणून तक्रार करतो. त्या दिवशी साउंडवाला पोरगा शहाणा होता. पहिल्या दहा मिनिटांतच त्यानं आवाज निम्म्यावर आणला. मागून कुणीतरी ओरडलं, त्यानं लक्ष दिलं नाही. मैफल निम्मी त्यानं तारली, असं माझं मत आहे.

कार्यक्रम साडेसहाचा होता. गायक वेळेवर येऊन बसले होते, तंबोरे लागत होते, काचांमधला उजेड विझत चालला होता. मग दीपप्रज्वलन झालं, सत्कार झाले, प्रायोजकांचे आभार झाले, आभार मानणाऱ्यांचेही आभार झाले. सूर्य काही आभारप्रदर्शनासाठी थांबत नाही. सव्वासात वाजून गेले. गायकाच्या मनात आधी मारवा होता असं नंतर कळलं. त्यांनी पूरिया घेतला. गायकाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. नाव सांगितलं की आपण गाणं सोडून नावाबद्दल बोलू लागतो.

मारव्याऐवजी पूरिया का, हे थोडं उलगडून सांगतो, कारण संध्याकाळच्या मैफलीचा सगळा जीव त्यात आहे. दिवस आणि रात्र यांच्या सांध्यावर गायच्या रागांना संधिप्रकाश राग म्हणतात. संध्याकाळच्या अशा रागांत बहुधा रिषभ कोमल असतो, गंधार शुद्ध असतो आणि मध्यम तीव्र. कोमल रिषभाची हुरहुर आणि तीव्र मध्यमाची ओढ, ही दिवेलागणीची खूण. मारवा आणि पूरिया या दोन रागांचे स्वर अगदी तेच. दोन्हींत पंचम नाही. कागदावर लिहून काढले तर दोन्ही सारखेच दिसतील. फरक मुक्कामाचा आहे. मारवा रिषभावर आणि धैवतावर थांबतो, षड्जावर यायला टाळाटाळ करतो. घर समोर दिसत असताना उंबऱ्यावर ताटकळणाऱ्या माणसासारखा. पूरिया गंधार आणि निषादावर विसावतो, खालच्या सप्तकात उतरून बसतो. सूर्य टेकत असताना मारवा, तो बुडाला की पूरिया. त्याच घरातली तीच माणसं, पण दिवा लागण्याआधीची आणि दिवा लागल्यानंतरची.

राग वेळेवर गायला पाहिजे हा नियम काही आकाशातून पडलेला नाही, आणि अवेळी गायलं तर काही बिघडतही नाही. दक्षिणेकडच्या संगीतात वेळेचं हे बंधन मैफलीत फारसं पाळलंही जात नाही. पण शेकडो वर्षं ऐकणाऱ्यांच्या कानाला एक वळण लागलेलं असतं. दिवेलागणीला कोमल रिषभ ऐकला की आपल्यातलं काहीतरी आपोआप ओळख देतं. कवितेत ‘सांज’ शब्द आला की वाचणाऱ्याच्या मनात गायी परततात ना, तसंच.

रागात पंचम नसल्यानं तंबोऱ्याची पहिली तार पंचमाऐवजी निषादाला लावलेली होती. तो निषाद, जोडाच्या दोन तारा आणि खर्ज असे फिरू लागले आणि थोड्या वेळानं त्यात न छेडलेला गंधार ऐकू यायला लागला. तंबोरा चांगला लागला की हा गंधार आपोआप उमटतो. तो खर्जाच्या पोटात असतोच. तो बाहेर काढण्याची युक्ती म्हणजे जवारी. घोडीची बैठक कानसून अगदी थोडी उतरती करायची आणि तारेखाली बारीक दोरा सरकवायचा, की तार घोडीला निसटती घासते आणि झंकार उमलतो. दोरा केसभर इकडेतिकडे झाला की तंबोरा मुका.

हे मला ठाऊक आहे ते गाणं शिकल्यामुळं नव्हे. आमच्या मिरजेत सतारमेकर गल्ली आहे. तिथले कारागीर मूळचे शिकलगार, म्हणजे तलवारी आणि हत्यारांना धार लावणारे. तलवारींचे दिवस संपले तेव्हा त्याच हातांनी तारा आणि भोपळे जवळ केले. पंढरपूर, मंगळवेढ्याकडचे मोठे कडू भोपळे वाळवून, कापून त्यांचे तुंबे होतात. शाळेतून येताना मी त्या गल्लीतल्या दुकानांसमोर रेंगाळत असे आणि जवारी काढताना कारागीर डोळे मिटून का घेतो याचं मला नवल वाटे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. बडोद्याच्या त्या दालनात गवयामागं बसलेल्या दोन मुलांच्या हातातले तंबोरे मिरजेचेच होते. मी मध्यंतरात जाऊन विचारून आलो.

आता राजाश्रयाकडं येतो. या वाड्यात गवयांना कसं ठेवलं जाई? बडोदे संस्थानात ‘कलावंत कारखाना’ नावाचं खातंच होतं. कारखाना हा शब्द ऐकून हसू येतं, पण जुन्या दरबारी भाषेत पीलखाना, जामदारखाना तसा हा कलावंतांचा कारखाना. गवई, बीनकार, सारंगिये, तबलजी, नर्तकी, सगळे त्याच्या पटावर. सयाजीराव शिस्तीचे. त्यांनी या खात्याला लेखी नियम लावून दिले. पगार किती, रजा किती, हजर राहायचं केव्हा, चुकलं तर दंड काय. थोडक्यात, आपण ज्याला आश्रय म्हणतो ती नोकरी होती. ज्याच्या गळ्यासाठी लोक जीव टाकत त्यालाही गावाला जायचं तर अर्ज करावा लागे. मला यात कमीपणा वाटत नाही. उलट, मर्जी फिरली की हत्तीच्या पायी आणि मर्जी बसली की मोत्यांचा हार, यापेक्षा ठरलेला पगार बरा. मात्र ‘राजे गेले, आता कलावंताला कारकुनासारखं वागवतात’ असं म्हणणाऱ्यांनी ते नियम एकदा वाचावेत.

सयाजीरावांचं खरं काम मला वेगळंच वाटतं. १८८६ साली त्यांनी बडोद्यात गायनशाळा काढली आणि ती मौलाबक्ष या गवयाच्या हाती दिली. गाणं म्हणजे घराण्याची तिजोरी, किल्ली बापानं मुलाला द्यायची, असा तो काळ. अशा काळात सर्वसामान्य घरातल्या मुलांनी शाळेत जावं तसं गाणं शिकायला यावं, आणि ते लिहूनही घ्यावं, यासाठी मौलाबक्षांनी स्वतःची स्वरलेखनपद्धती तयार केली, पाठ्यपुस्तकं काढली. त्यांच्या मुलीचा मुलगा म्हणजे इनायत खाँ. बडोद्यात जन्मलेला हा बीनवादक १९१० साली पश्चिमेकडं गेला आणि सूफी विचारांचा प्रवक्ता म्हणून जगभर ओळखला गेला. ती गायनशाळा आज सूरसागर तलावाजवळ सयाजीराव विद्यापीठाची एक विद्याशाखा म्हणून चालू आहे. पुढं १९१६ साली भातखंड्यांनी भरवलेली पहिली अखिल भारतीय संगीत परिषदही बडोद्यातच झाली, महाराजांच्या पाठिंब्यानं. कोणता राग कसा, यावर देशभरचे उस्ताद आणि पंडित एका मांडवात बसून बोलले. एकमत फार थोड्या गोष्टींवर झालं असेल, पण बोलले.

पहिला ख्याल संपला तेव्हा शेजारच्या खुर्चीवरच्या वृद्ध गृहस्थांनी विचारलं, “आपण इथले नाही वाटतं?” धोतर, काळी टोपी, मराठीत मधूनच गुजराती हेल. बडोद्याची ही मराठी ऐकायला मला फार आवडते.

“मिरजेचा आहे, काका,” मी म्हणालो आणि नाव सांगितलं.

माझं नाव ऐकून समोरच्याच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते पाहायची मला आता सवय झाली आहे. मुसलमान, आणि मराठीत कविता करतो म्हटल्यावर काही जण कौतुकाच्या भरात म्हणतात, “मराठी छान बोलता हो तुम्ही!” मीही त्यांना म्हणतो, “तुम्हीसुद्धा.” या काकांनी तसं काही केलं नाही. ते म्हणाले, “मिरज! म्हणजे खाँसाहेबांच्या गावचे. आमच्याकडून पळवलंत तुम्ही त्यांना.”

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. अब्दुल करीम खाँ हे मूळचे उत्तरेतल्या किराना गावचे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात ते ऐन तारुण्यात बडोद्याच्या दरबारी आले. इथं सरदार मारुतीराव माने यांची कन्या ताराबाई त्यांच्याकडं गाणं शिकू लागल्या, दोघांनी एकमेकांना वरलं, आणि मग दोघांनाही बडोदं सोडावं लागलं. राजाश्रयाची ही दुसरी बाजू. गवयाच्या गळ्याला दरबारात जागा होती, सरदाराच्या घरात जावई म्हणून नव्हती. खाँसाहेब पुढं मिरजेला स्थायिक झाले. १९१३ साली त्यांनी पुण्यात शाळा काढली आणि तिचं नाव ठेवलं आर्य संगीत विद्यालय. १९३७ साली दक्षिणेत प्रवासात असताना एका रेल्वे स्टेशनवर त्यांचं निधन झालं. त्यांची कबर मिरजेत ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात आहे. तिथल्या उरसात पहिला गलेफ चर्मकार समाजाचा असतो, आणि त्याच उरसात खाँसाहेबांच्या आठवणीत दर्ग्यातल्या चिंचेखाली रात्र-रात्र गाणं चालतं. मी गाणं ऐकायला शिकलो ते त्या चिंचेखाली. तिथं तिकीट नाही, खुर्ची नाही, छत नाही. आवाज परत फेकायला भिंतही नाही. गेलेला स्वर गेला. दरबार हॉलमध्ये बसल्यावर म्हणूनच मला सारखं वाटत होतं की इथं प्रत्येक स्वर जरा जास्त वेळ थांबतोय.

ताराबाई आणि खाँसाहेब यांची मुलगी हिराबाई. जन्म १९०५. पुढं आईनं मुलांना घेऊन वेगळा संसार मांडला आणि मुलीच्या नावापुढं बापाचं नाव लागलं नाही, गाव लागलं. हिराबाई बडोदेकर. ज्या गावानं आईबापांना ठेवून घेतलं नाही, त्या गावाचं नाव या बाईंनी घरोघरी नेलं. तिकीट लावून जाहीर मैफल करणाऱ्या आपल्याकडच्या पहिल्या स्त्री गायिकांत त्यांची गणना होते. ‘कुलीन बायका बैठकीत गात नाहीत’ असं म्हटलं जाण्याच्या काळात त्या नऊवारी नेसून, दोन्ही खांद्यांवर पदर घेऊन मंचावर बसल्या. मध्यंतरात मी दरबार हॉलच्या वरच्या सज्जांकडं पाहत होतो. राजघराण्यातल्या स्त्रिया दरबार पाहायच्या त्या तिथून, आडून. ताराबाईंच्या घरची एखादी बाई तिथं कधी बसली होती का, हे मला सांगता येणार नाही. पण त्या सज्जातून खाली उतरून गवयाच्या गादीवर बसायला एका घराला एकच पिढी लागली, एवढं खरं.

मध्यंतरानंतर गायकांनी बिहाग घेतला. तो संपल्यावर मागून फर्माईश आली, “एखादं नाट्यपद होऊ द्या!” बडोदं कागदोपत्री गुजरातेत आहे, पण मराठी माणूस जमला की नाट्यपदाची फर्माईश होणार, हे वाड्यातही चुकलं नाही. समोरच्या सोफ्यावरच्या काही पाहुण्यांनी नाक मुरडलं. त्यांनी मुरडायला नको होतं. ज्या भास्करबुवा बखल्यांनी १९१६ साली ‘स्वयंवर’ नाटकाला चाली दिल्या, ते आधी शिकले याच बडोद्यात फैज महंमद खाँ यांच्याकडं, मग म्हैसूर दरबारच्या नत्थन खाँ यांच्याकडं, आणि मग कोल्हापूर दरबारच्या अल्लादिया खाँ यांच्याकडं. तीन संस्थानांचं, तीन उस्तादांचं गाणं एका बुवांच्या गळ्यातून मराठी रंगभूमीवर आलं, आणि तिथून माजघरात. जो माणूस आयुष्यात कधी राजवाड्याची पायरी चढला नाही, त्याच्याही कानावर दरबारी बंदिशींचं वळण पडलं ते असं. गायकांनी हसून एक पद म्हटलं. काका मांडीवर ताल धरून बसले होते. समेला त्यांचा हात आणि माझा हात एकदमच पडला.

हे सगळं सांगताना ज्यांचं नाव बडोद्याशी सर्वात घट्ट जोडलेलं आहे त्यांना मी शेवटी ठेवलं आहे. उस्ताद फैयाज खाँ. आग्रा घराण्याचे. ‘आफताब-ए-मौसिकी’, म्हणजे संगीताचा सूर्य, हा किताब त्यांना म्हैसूरच्या महाराजांनी दिला, पण उमर गेली बडोद्याच्या चाकरीत. भरदार, खालच्या पट्टीतला आवाज. ख्यालाआधी धृपदाच्या अंगानं नोमतोम आलाप करायचे. असा आवाज आणि असा आलाप या उंच छताखाली कसा लागत असेल, याची कल्पना मी मघाच्या पूरियाच्या आधारानं करत होतो. ‘प्रेमपिया’ या नावानं त्यांनी बंदिशी रचल्या. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर त्यांच्याकडं शिकलेले श्रीकृष्ण रातंजनकर पुढं लखनौच्या संगीत महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. आणि आकाशवाणीवरून बोलताना हेही सांगायला हवं: फैयाज खाँ आज सलग, मोकळेपणी ऐकायला मिळतात ते मुख्यतः रेडिओच्या ध्वनिमुद्रणांमुळं. तीन-चार मिनिटांच्या तबकडीत तो आलाप मावणारा नव्हता. १९४९ साली बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. खाँसाहेब ५ नोव्हेंबर १९५० रोजी बडोद्यातच वारले. १९७१ साली राजांचे तनखेही गेले.

तरी वाड्यातलं गाणं काही थांबलं नाही. २०१२ साली निधन पावलेले महाराज रणजितसिंह गायकवाड हे स्वतः चित्रकार होते आणि शास्त्रीय गायकही. ज्यांच्या पूर्वजांनी गवयांच्या रजेचे अर्ज मंजूर-नामंजूर केले, त्या घरातला माणूस स्वतः तंबोरा जुळवून बसू लागला. कलावंत कारखान्याच्या एखाद्या जुन्या सारंगियाला हे कळतं तर तो काय म्हणाला असता! आणि आता पाचशे माणसं आपापली खुर्ची धरून या दालनात बसतात, त्यातला एक मिरजेचा कवी असतो. मला हा बदल पसंत आहे. फक्त नव्या मालकानं जुन्या मालकाची एक सवय उचलावी. दरबारात गवई आलाप करत असताना कुणी खिशातून उजेड काढून तोंडावर पाडत नसे. माझ्या पुढच्या रांगेत निदान सात भ्रमणध्वनी पेटलेले होते.

मैफल भैरवीनं संपली. बाहेर पडताना काकांनी विचारलं, “सकाळी काय बेत?” मी म्हणालो, “फैयाज खाँसाहेबांच्या कबरीवर जाऊन यावं म्हणतो.” ते थोडे थांबले. म्हणाले, “जाऊन या. आमच्या वडिलांनी ऐकलं होतं त्यांना. मी लहान होतो.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “त्या वर्षी जे झालं ते चांगलं नाही झालं.”

त्या वर्षी म्हणजे २००२. गुजरातेतल्या दंगलीत फैयाज खाँ यांच्या कबरीची नासधूस झाली. मी तेव्हा तिशीत होतो आणि ती बातमी वर्तमानपत्रात वाचली होती. त्या दंगलींत जिवंत माणसं गेली, घरं गेली, त्यापुढं दगडाच्या कबरीचं काय, असं मी तेव्हा स्वतःला समजावलं होतं. ते खरंही होतं. तरीही ती बातमी मनातून गेली नाही. ज्यानं हे केलं असेल त्याच्या आजोबांनी कदाचित खाँसाहेबांचं गाणं ऐकून मान डोलावली असेल, हा विचार सुटत नव्हता. बडोद्याकडं बोट दाखवायला मी गेलो नव्हतो. २००९ साली आमच्या मिरजेतही दंगल झाली, सतारमेकर गल्ली असलेल्या मिरजेत. चिंचेखाली मांडीला मांडी लावून गाणं ऐकणारं गाव दगड उचलू शकतं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. गाण्यानं माणसं जोडली जातात, असं व्याख्यानात म्हणायची पद्धत आहे. माझ्या तोंडून ते वाक्य आता सहजी निघत नाही. गाणं ऐकताना जोडली जातात, एवढं मी म्हणेन. मैफल उठल्यावरचं काम गाण्याचं नव्हे, आपलं आहे.

सकाळी रिक्षावाल्याला पत्ता सांगता सांगता माझी दमछाक झाली. राजवाडा म्हटला असता तर तो डोळे मिटून घेऊन गेला असता. दोन ठिकाणी थांबून विचारलं. तिसऱ्या ठिकाणी पानाच्या दुकानावरचा एक म्हातारा म्हणाला, “गवैया?” आणि स्वतःच रिक्षात येऊन बसला. रस्ता दाखवत घेऊन गेला. कबरीपाशी पोचल्यावर त्यानं हिंदीत विचारलं, “आपके रिश्तेदार थे?”

“नहीं,” मी म्हणालो, “मैं मिरज का हूँ.”

त्याला मिरज ठाऊक नव्हतं. पण मी फातिहा पढून होईपर्यंत तो चपला काढून उभा राहिला.